टेपवरची चुणी

त्या घरात पदवी घेतलेला इंजिनियर मी एकटाच होतो. ब्रॅकनेलच्या एका कंप्युटर कंपनीत नोकरीला होतो, रोज टाय लावून जात होतो. पण खालून कोणी 'इंजिनियर' अशी हाक मारली की जिना उतरून जायचे ते आमचे घरमालक. ते विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त करणारे इलेक्ट्रिशियन होते, शिक्षण नागपूरच्या आयटीआयपर्यंत. हाक मारणारे बहुतेक सगळे जमैकन, आणि त्यांच्या गाण्याच्या दुनियेत मिक्सिंगच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्या माणसाला इंजिनियरच म्हणतात. पहिले काही महिने मला याचा राग यायचा. आज हे लिहिताना लाज वाटते, पण पुढे लाज वाटण्यासारखं आणखी बरंच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो. घर हाउन्सलोमध्ये, विमानांच्या वाटेखाली. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली.

"काय ऐकू आलं?"

"टाळी," मी म्हणालो.

"अन् मग?"

त्यांनी पुन्हा वाजवली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "कपाट खिडकीकडे ठेवा. इथं ठेवलं तर खोली मरून जाते."

मुलाखत तेवढीच. मी कुठला, वडील काय करतात, आडनाव काय, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पुण्याच्या माणसाला आडनाव न विचारणारा मराठी माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. त्यांचं आडनाव मात्र मी त्याच संध्याकाळी दाराशी पडलेल्या पाकिटावरून वाचून घेतलं, आणि उरलेलं पुढच्या खोलीतल्या तसबिरींवरून समजून घेतलं. पुण्याला लिहिलेल्या पत्रात 'मालक मराठी आहेत' एवढंच कळवलं. जास्त काही कळवलं नाही.

मी त्यांना काका म्हणायला लागलो तर म्हणाले, "तुमच्या वडिलांनी मला भाऊ मानलं की मग म्हणा." रागानं नाही, अगदी सरळ. तेव्हापासून मी त्यांना नुसतं 'अहो' म्हणत आलो. इतरांशी बोलताना मीही इंजिनियरच म्हणायचो.

त्यांना काही विचारलं की उत्तर लगेच मिळत नसे. सोमवारी विचारलेल्याचं उत्तर गुरुवारी यायचं, मध्येच, भांडी घासताना किंवा मोजे घालताना, आणि आपण काय विचारलं होतं ते आपल्यालाच आठवावं लागायचं. एकदा सकाळी मी बससाठी धावत निघालो होतो, तेवढ्यात दारात अडवून म्हणाले, "नाही. शेवग्याच्या शेंगा साउथॉलला मिळतात, इथं नाही." मी ते आठ दिवसांपूर्वी विचारलं होतं.

लहानपणी नागपुरात ते एका लाउडस्पीकरवाल्याकडे राबले होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बांबूला भोंगे बांधणं, ॲम्प्लिफायर तापला की ओल्या फडक्यानं त्याला निववणं, गाणारा बेभान झाला की आवाज फाटू न देणं, हे त्यांनी शाळेच्या आधी शिकून घेतलं. लंडनला आल्यावर पहिल्याच वर्षी एका जमैकन सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले. हॉलमध्ये कपाटाएवढे स्पीकरचे डबे एकावर एक रचलेले, समोर म्हाताऱ्या-कोताऱ्यांपासून सगळी वस्ती. ते रात्रभर त्या डब्यांपाशीच उभे राहिले. "आपल्याकडे जी चौदा एप्रिल वर्षातून एकदा यायची," ते सांगायचे, "ती यांच्याकडे दर शनिवारी होऊन राहिली होती. मग मी कुठं जाणार?"

घराच्या मागच्या खोलीत त्यांनी स्टुडिओ थाटला होता. भिंतींना नागपूरहून आणलेल्या गोधड्या ठोकलेल्या. मिक्सिंगच्या टेबलावर आवाज कमीजास्त करायच्या एकेका खुंटीखाली जखमेला लावायची चिकटपट्टी चिकटवून तिच्यावर मराठीत नावं लिहिलेली: ढोल, तळ, पेटी, बाई. तळ म्हणजे बेस. बाई म्हणजे गाणाऱ्याचा आवाज, मग गाणारा पुरुष का असेना. ब्रिक्स्टनहून येणारा बेसवाला सहा फुटी माणूस टेबलावर वाकून गंभीरपणे म्हणायचा, "इंजिनियर, मोअर तळ." ळ मात्र त्याला कधी जमला नाही.

टेपला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवायचे, घड्याळ आणि अंगठी काढायची, बूट दाराबाहेर. हा नियम सगळ्यांना, स्वतःलाही. रेकॉर्डिंग विमानांच्या तालावर चालायचं. एका आठवड्यात दुपारी तीनपर्यंत विमानं आमच्या छपरावरून उतरायची, तीनला धावपट्टी बदलायची आणि एकदम शांतता. पुढच्या आठवड्यात उलटं. वादकांना ते फोनवर सांगायचे, "या रविवारी आमचं आकाश तीनला रिकामं होतं." आणि तयार झालेलं गाणं ते खोलीत बसून कधी ऐकत नसत. टेप चालू करून परसात कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभे राहायचे, भिंतीला पाठ टेकून. "भिंत खोटं गाळून टाकते," म्हणायचे. "जे बाहेर आलं ते खरं."

रविवारी सगळ्यांना झणझणीत सावजी रस्सा. पहिला घास घेऊन बेसवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो म्हणाला, "या देशात वीस वर्षं झाली. आज कोणीतरी जेवायला घातलं."

ज्यांना हे संगीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही माणसं जे बनवत होती ते जुन्या धाटणीचं रेगे, ज्याला रूट्स म्हणतात. छोट्या रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं असतं. गाणारा जीव ओतून गातो, देवाला हाक मारतो, सुटलेल्या घराला हाक मारतो. दुसऱ्या बाजूला तेच गाणं, पण गाणारा जवळजवळ नाहीसा झालेला. ढोल आणि बेस तेवढे चालत राहतात. मध्येच एखादा शब्द उमटतो, प्रतिध्वनीत फिरत फिरत लांब जातो आणि विरतो. या दुसऱ्या बाजूला डब म्हणतात, आणि ती इंजिनियर बनवतो, टेबलापुढे उभं राहून, एका दमात, खुंट्या वरखाली करत.

मला ते सुरुवातीला पटत नसे. मी पुण्यात आठ वर्षं गाणं शिकलेला. आमच्या गुरुजींकडे एक स्वर उतरला तर तानपुरा थांबायचा आणि आख्खा वर्ग तुमच्याकडे बघायचा. आमच्या घरी बेसूर गाणं हे जवळजवळ खोटं बोलण्याच्या रांगेत बसायचं. मी एका सोमवारी त्यांना विचारलं, "इतका चांगला गाणारा आणायचा आणि मग त्याला पुसून टाकायचं, हे काय?"

गुरुवारी कांदा चिरताना उत्तर आलं. "पुसत नाही हो. तो उठून बाहेर गेलाय. त्याची खुर्ची दिसून राहिली ना तुम्हाला?"

तोवर मी त्या खोलीत रमलो होतो. वर्षभरात मशीन चालवायला शिकलो, टेप लावणं, पुसणं, नेमक्या जागी रेकॉर्डिंग सुरू करून नेमक्या जागी थांबवणं. "हात हलका आहे तुमचा," ते एकदा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे एवढंच कौतुक मी दहा वर्षांत ऐकलं, आणि मला ते माझ्या नोकरीतल्या बढतीपेक्षा जास्त वाटलं.

आता तिथे गायला येणाऱ्या एका बाईंबद्दल. त्या पंचेचाळिशीच्या, एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या, रविवारी सकाळी चर्चमध्ये गाणाऱ्या. आवाज जाडसर, खालच्या पट्टीत उबदार, वर जाताना किंचित खरखरणारा. मला त्या 'कॉलेज' म्हणायच्या. "कॉलेज, चहात साखर टाकायला कुठली डिग्री लागते?" अशी त्यांची थट्टा चालायची. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत, मी इथे मराठीत लिहितो आहे.

त्यांची आई जमैकाला वारली. रजा मिळाली नाही, शनिवारच्या अंत्यविधीला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या चर्चची हॅट घालूनच आल्या आणि इंजिनियरला म्हणाल्या, "आज एक गाणं घे. रेकॉर्ड करून घरी पाठवते. बहिणी गावाला बोलावून लावतील. मी नाही तर माझा आवाज तरी तिथे असू दे."

गाणं त्यांनीच रचलेलं होतं. दुसऱ्या कडव्यात त्यांची आई रोज म्हणायची असं एक वाक्य होतं. तीनला विमानं थांबली आणि त्या गायला लागल्या. त्या वाक्यापाशी आल्या, वरचा स्वर घेतला आणि आवाज फाटला. स्वर उतरला, वाक्य अर्धं श्वासातच गेलं. पण त्या थांबल्या नाहीत, पुढची ओळ पकडून गाणं पूर्ण केलं. मग हॅट काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "एवढंच. पुन्हा नाही." इंजिनियरनी मान हलवली, टेप डब्यात घालून वर तारीख लिहिली. मिक्सिंग पुढच्या रविवारी करायचं ठरलं.

बुधवारी संध्याकाळी त्या कामावरून घरी जाताना रश्शाचा रिकामा डबा परत द्यायला आल्या. इंजिनियर ड्यूटीवर होते. घरात मी एकटा. तीन दिवस ती उतरलेली ओळ माझ्या डोक्यात टोचत होती. मी म्हणालो, "ती एक ओळ पुन्हा घेऊ या. सगळं गाव ऐकणार आहे. स्वर लागलेला नाही."

त्या दारातच उभ्या होत्या. "इंजिनियर काय म्हणाला?"

"त्यांची हरकत नाही," मी म्हणालो.

इंजिनियरशी माझं याविषयी एका शब्दाचंही बोलणं झालं नव्हतं. हे खोटं मी इतक्या सहज बोललो याचं कारण मला नंतर कळलं, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मला मनातून वाटत होतं की सुराचं मला कळतं, त्यांना कळत नाही. भोंगे बांधलेल्या माणसाला वायरी कळतील, आवाज वाढवणं कळेल, पण सूर आमच्या घरातला. वर्षभर त्यांच्या हातचं खाऊन, त्यांच्याकडून शिकूनही ते माझ्यात तसंच बसलेलं होतं.

टेपवर चार पट्टे असतात. चौथ्यावर आवाज. त्यावर नवीन घेतलं की जुनं जातं, कायमचं. मी हात धुतले, घड्याळ काढलं. दोन विमानांच्या मधली शांतता साधत चौथ्या खेपेला त्यांनी ओळ सुरात म्हटली, अगदी स्वच्छ. मी ती लावून दाखवली. त्यांनी ऐकली, "क्लीन," एवढं म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या. मी खूश होतो.

रविवारी त्या यायच्या आधी इंजिनियरनी टेप लावली. ती ओळ आली, त्यांनी टेप थांबवली. मागे नेली. पुन्हा ऐकली. मग कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी मशीन चालवलं," मी म्हणालो. "त्यांनाच ती ओळ बदलून हवी होती."

हे दुसरं खोटं. पहिलं उतावळेपणातून बोललो होतो, हे भ्यायलो म्हणून बोललो.

"अच्छा," ते म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. एवढा वेळ चहा उकळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या आल्यावर त्यांनी कप हातात दिला आणि म्हणाले, "बाई, एक वाईट बातमी आहे. टेप गुंडाळताना चुणी पडली. दुसऱ्या कडव्यात ती एक ओळ गेली. चूक माझी."

मी तिथेच उभा होतो.

त्यांनी कप खाली ठेवला. "बुधवारी गायले तशी पुन्हा गाऊ?"

"नको. पहिल्याच दिवशी तुम्ही पुन्हा नाही म्हणाल्या होत्या. मी बघतो."

बूट आधीच काढलेले होते. त्यांनी हात धुतले आणि टेबलापाशी उभे राहिले. पहिलं कडवं सरळ जाऊ दिलं. दुसऱ्या कडव्यात त्या ओळीच्या आधीचा शेवटचा शब्द आला, तो त्यांनी प्रतिध्वनीत सोडला आणि 'बाई' लिहिलेली खुंटी पूर्ण खाली ओढली. मग ढोलही काढून घेतला. एकटा तळ चालत राहिला, आणि त्यावरून तो एक शब्द लांब लांब जात विरत गेला, जणू कोणीतरी बोलता बोलता बोलू न शकल्यामुळे खोलीबाहेर निघून गेलं आहे. मग ढोल आला, आणि बाईंचा आवाज पुढच्या ओळीवर परत आला. जी करामत ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला करायचे, ती त्यांनी त्या दिवशी गाण्याच्याच पोटात केली.

बाई परसात कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं राहून ऐकत होत्या. आत आल्या तेव्हा चेहरा ओला होता. म्हणाल्या, "तिथेच माझा आवाज गेला होता. तिथेच." मग इंजिनियरच्या खांद्यावर चापट मारून म्हणाल्या, "पण चुणी कशी पाडलीस रे, एवढे हात धुवून?"

मला स्वर लावून जे मिळवायचं होतं ते त्यांनी स्वर काढून घेऊन मिळवलं. दोन महिन्यांनी बहिणींचं पत्र आलं. अंगणात रेकॉर्ड लावली, आणि त्या रिकाम्या जागेत म्हाताऱ्या-पोरांनी मिळून आईचं ते वाक्य स्वतःच म्हटलं. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा लावली तेव्हाही म्हटलं.

पण चुणीची गोष्टही पसरली. स्वच्छतेचा एवढा बाऊ करणाऱ्या माणसानं आई वारलेल्या बाईची टेप बिघडवली, ही थट्टा लोकांना सोडवेना. "इंजिनियर, जपून हं, पुन्हा चुणी पडेल," असं टेप हाती देताना प्रत्येक जण म्हणायचा. एका गाणाऱ्यानं तर आपल्या टेपा उचलून दुसरीकडे नेल्या. ते हसायचे आणि हात धुवायला जायचे. मला त्यांनी काही विचारलं नाही, काही सुनावलंही नाही. उलट पुढच्याच रविवारी मशीनपाशी मला उभं केलं. पुढे मी लग्न करून इल्फर्डला गेलो तरी महिन्यातून एक रविवार हाउन्सलोचा असायचा. मला पुढे जे काही ऐकता आलं, माणसांचं असो की गाण्याचं, ते त्या खोलीत मिळालेलं आहे. गाण्यात काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हे अवघड, हे मी त्यांच्या हाताकडे बघून शिकलो. आणि त्यांच्या नावावरचा डाग माझा आहे हे सांगायला मला दहा वर्षं लागली.

ते निवृत्त होऊन नागपूरला परत निघाले तेव्हा मागच्या खोलीतल्या गोधड्या उतरवलेल्या होत्या. शेवटचा रविवार, शेवटचा रस्सा. बेसवाल्यानं सगळ्यांतर्फे रिबन बांधलेलं एक खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. आत प्रवासात न्यायची छोटी इस्त्री होती.

"टेपसाठी," तो म्हणाला. "तिकडे चुणी पडली तर आम्ही नाही आहोत सांभाळून घ्यायला."

सगळे पोट धरून हसले. बाई तर डोळे पुसत होत्या. इंजिनियरही हसले, इस्त्री उलटीसुलटी करून म्हणाले, "प्लग बदलावा लागेल." ते ज्या सवयीनं हसले ते मला बघवेना. मी उभा राहिलो.

"चुणी नव्हती," मी म्हणालो.

"बसा हो," ते मराठीत म्हणाले. "जेवण होऊन राहिलं लोकांचं."

मी बसलो नाही. बुधवारचं सगळं सांगितलं. यांची परवानगी आहे असं बाईंना खोटं सांगितलं, आणि बाईंनीच मागितलं असं यांना खोटं सांगितलं. ताटांवरचे हात थांबले होते.

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या. "तुला माहीत होतं?"

या वेळी गुरुवार लागला नाही. "तेव्हाच. तुम्ही पुन्हा नाही म्हणाल्या होत्या. तुम्ही मनानं दुसऱ्यांदा गायल्या नसत्या."

"आणि दहा वर्षं हसू दिलंस आम्हाला?"

"माझ्या नावावर चुणी खपून जाते," ते म्हणाले. "याच्या नावावर गेली असती तर यानं पुन्हा टेपला हात लावला नसता. हात चांगला आहे याचा."

मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क त्या खोलीत दुसऱ्यांचा होता. बाई माझ्याकडे वळल्या.

"कॉलेज, ती ओळ गेली तिचं मी तेव्हाच रडून घेतलंय. पण या माणसाला मी दहा वर्षं हसले, ते मी आता कुठे नेऊन ठेवू?"

त्या उठल्या, इंजिनियरचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, चर्चमध्ये मागतात तशी, पुरी वाक्यं उच्चारून. ते कानापर्यंत लाल झाले. "रस्सा थंड होतोय, बाई," एवढंच पुटपुटले.

मग बाईंनी इंजिनियरच्या मांडीवरची इस्त्री उचलली, वायर नीट गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली.

"मग ही तुझी."

आधी कोणी हसलं नाही. मग बेसवाला हसला, मग सगळे, आणि शेवटी इंजिनियर. मी दोन्ही हातांनी ती घेतली.